ओल्या चादरींचं निमित्त

दार उघडलं तर समोरच्या ब्लॉकमधले गृहस्थ. हातात बादली, बादलीत पिळलेल्या चादरी आणि चेहरा असा ओशाळलेला, जणू उसनी साखर मागायला आलेत.

“मिसेस भामरे... मी शरच्चंद्र गायधनी. आम्ही दोघंच, त्यात आई अंथरुणाला खिळलीय हो. आठ दिवस ऊन नाही, घरात एक चादर कोरडी नाही. तुमच्याकडे म्हणे कपडे वाळवायचं मशीन आहे?”

होतं ना! चौऱ्याऐंशी साली नाशिकच्या अख्ख्या गंगापूर रोडवर नसेल ते माझ्या भाड्याच्या ब्लॉकात होतं. घरमालक नानांच्या मुलाने कुवेतहून दोन मशिनं धाडली होती — एक धुवायचं, एक वाळवायचं. नानांच्या अटी दोनच. मशिनं दर आठवड्याला चालवायची, नाहीतर गंज धरतो. आणि एकट्या बाईला जागा नाही.

त्या दुसऱ्या अटीपायी मी खोटं बोलले. मी कळवणची, पाटबंधारे खात्यात क्लार्क, वय एकतीस, लग्नाचा पत्ता नाही. सात घरमालकांनी दारातूनच वाटेला लावलं होतं. आठव्याला, म्हणजे नानांना, सांगितलं की मिस्टर जहाजावर असतात. मेन रोडवरून काळी पोत आणली, गळ्यात घातली आणि झाले मिसेस भामरे. घर मिळालं. पण त्या घरात मी इतकी एकटी होते, काय सांगू! रविवारी दोन साड्या मशीनमध्ये टाकायच्या आणि गरम गरम बाहेर काढून गालाला लावून बसायचं... घरात तेवढीच काय ती ऊब.

“द्या इकडे,” मी म्हटलं. “चाळीस मिनिटं लागतील.”

“थांबतो ना. इथेच.”

नवरा गावाला असलेल्या बाईच्या घरात शिरायचं कसं? ते जिन्यातच उभे राहिले, दार सताड उघडं. पाचव्या मिनिटाला फ्यूज उडाला. जिन्यातल्या बोर्डावर त्यांनी तो झटक्यात बसवून दिला. टेलिफोन खात्यातला माणूस, खिशात तार असायचीच.

“मशीन तुमचं, फ्यूज माझा,” ते हसले. “ठरलं?”

“आणि रोज उडाला तर?”

“तर रोज येईन.”

अगंबाई! मी मान खाली घातली, पण कान मात्र तापले...

मग दिवसाआड चादरी येऊ लागल्या. चाळीस मिनिटं ते बाहेर, मी आत. गप्पा कशाच्याही, त्यांच्या आईची पथ्यं, माझ्या ऑफिसातल्या साहेबांचे नखरे. मी हसले की ते बघत राहायचे, आणि काळ्या पोतीकडे नजर गेली की लगेच तोंड फिरवायचे. ते गेले की घर खायला उठायचं. खरं सांगावं तर जागा जाईल. न सांगावं तर हा माणूस जन्मात काही बोलणार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

भाद्रपदात आठवडाभर लख्ख ऊन पडलं. तरी स्वारी बादली घेऊन हजर!

“गच्चीवर ऊन आहे की,” मी चिडवलं.

ते हसले नाहीत. “माझी बदली झालीय. इगतपुरीला. एक तारखेला जातो.”

“अशी अचानक?”

“अचानक नाही... मीच मागून घेतली.”

“का?”

त्यांनी बादलीतली चादर वर उचलली. “ही चादर कोरडी होती. मी नळाखाली धरली. आठ दिवस हेच करतोय. दुसऱ्याच्या बायकोच्या दारात उभं राहायला ही असली थेरं... लाज वाटते मला माझी.”

“मला नवरा नाही!”

“हळू —” ते एकदम घाबरले. “खाली नाना उभे आहेत. घर जाईल तुमचं!”

जाऊ दे मेलं! मी कठड्यावरून वाकले. “नाना, ऐकताय ना? मला नवरा नाही. जहाज नाही, भामरे नाही, कुणी कुणी नाही!”

नाना चार पायऱ्या चढून वर आले. माझ्याकडे बघितलं, गायधनींकडे बघितलं. “महिनाअखेर जागा खाली करा,” एवढंच म्हणाले आणि उतरून गेले.

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. घर गेलं, माणूसही चालला होता. ते माझ्यापासून दोन पायऱ्या खाली येऊन बसले.

“इगतपुरीला दोन खोल्या बघितल्यात,” ते हळूच म्हणाले. “सकाळची पॅसेंजर नाशिकला ऑफिसच्या वेळेत पोचते... मुद्दाम चौकशी नाही केली, पण लोक जातात रोज.”

“मग?”

“तिथला घरमालक विचारत होता, राहणार किती जण. मी म्हटलं, दोघं. आई आणि मी.” ते घुटमळले. “तिघं सांगू?”

मी पदराने डोळे पुसले.

“सांगा. पण लग्न झाल्यावर सांगा. आता कुठल्याही घरमालकाशी मी खोटं बोलायची नाही.”