एक हात खिशात

नवतप्याचा, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांमधला तिसरा दिवस होता, मंगळवार. सकाळी नऊपासूनच नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात माणूस दिसेना. कूलरमधलं पाणी दुपारपर्यंत दोनदा संपलं, अन् नळाचं पाणी हातावर घ्यावं तर चहासारखं गरम. चार वाजता पश्चिमेले वाडीकडचं आभाळ मातकट झालं. वारा पडला. कडुनिंबाचं एक पान हलेना. जुनी माणसं म्हणाली, आज रात्री काही खरं नाही. तसंच झालं. नऊ वाजून वीस मिनिटांनी वादळ आलं.

सरका जवळ पोरांनो. ही गोष्ट मोहितची आहे. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवते तो उंच, वाकून चालणारा. त्याले विचाराल तर तो सांगणार नाही, पण खोटं आहे असंही म्हणणार नाही.

मोहितच्या भाड्याच्या दोन खोल्या. एकीत संसार, दुसरीत त्याची पेडलं. पेडल म्हणजे साबणाच्या वडीएवढी लोखंडी डबी. गिटारची वायर तिच्यातून जाते, पायानं दाबली का आवाज बदलते. त्याच्याजवळ अशा नऊ डब्या होत्या. नारिंगी डबी आवाज फाडायची, हिरवी त्याच फाटलेल्या आवाजाले तूप लावायची. अन् या सगळ्यांच्या मागं एक जुना अँप, म्हणजे आवाज मोठा करायची पेटी, काचेच्या व्हॉल्व्हचा, आजोबाच्या रेडिओत असायचे तसे व्हॉल्व्ह. एका बंद पडलेल्या क्लबाच्या भंगारातून त्यानं तो खांद्यावर उचलून आणला होता. चालू केल्यावर दोन मिनिटं काही वाजत नसे. आधी काच लाल व्हायची, मंग आवाज.

तो अँप जिवंत केला वाडीच्या वामनरावनं. वामनराव एकटा माणूस. अमरावती रोडवर ट्रकच्या गोदामामागं त्याची एक खोली. नागपुरात व्हॉल्व्हचं काम जाणणारा तोच उरला होता. मोहितनं घाई केली का तो म्हणे, "घाई असन तर बाजा वाजव गा, व्हॉल्व्हच्या नादी लागू नको."

त्याचा एक नियम होता. चालू अँपात फक्त उजवा हात घालायचा. डावा हात खिशात. दोन्ही हात आत गेले तर करंट एका हातातून शिरते, छातीतून दुसऱ्या हातात जाते, अन् छातीत माणसाचं जे असते ते थांबते. वामनरावच्या कोणत्याही पँटचा डावा खिसा पाहा, विरलेला. त्यानं मोहितले हेच आधी शिकवलं, वायर जोडणं नंतर.

आता निळ्या डबीचं सांगतो, कारण सगळं तिच्यापायी झालं. ही डबी जे ऐकन ते सोळा सेकंद धरून ठेवायची अन् तेच परत परत म्हणायची. पण डबी जुन्या काळची. करंट तुटला का सगळं विसरायची.

मोहितची बायको रीना कळमेश्वरची. चारचौघांत ती कधी गायली नाही. मोबाइलात तिचं हसणं होतं, बोलणं होतं, गाणं एकही नाही. एका दुपारी मोहित माइक तपासून राहिला होता, अन् ती लेकीले, वेदिकाले मांडीवर घेऊन स्वतःचीच जुळवलेली अंगाई म्हणून राहिली होती. मोहितनं हळूच पाय ठेवला. सोळा सेकंद डबीत आले.

"बोरीच्या झाडाले वारा झुलवे, माझ्या चिमणीले कोण बोलवे…"

'बोलवे'वर तिचा सूर दरवेळी थोडा घसरायचा. तिथंच सोळा सेकंद संपायचे. पुढची ओळ डबीत नव्हती, पण मोहितले पाठ होती: 'कोणी नाही बोलवत, डोळे मीट.'

त्यानंतरच्या आषाढात रीना गेली. चार दिवसांचा ताप. त्या दिवसापासून मोहितनं निळी डबी बंद केली नाही. अकरा महिने. आत बॅटरी कायम घातलेली, म्हणजे लाइट गेली तरी लाल दिवा तेवत राहावा. वेदिका पाच वर्षांची. रात्री तो आवाज लागला का झोपायची, नाही तर दाराकडे पाहत बसायची.

तुम्ही म्हणाल, मोबाइलात काहून भरून नाही घेतला? भरला ना. चार वेगवेगळे मोबाइल लावून पाहिले. गिटार वाजवली तर गिटार यायची. तिच्या आवाजाच्या जागी नुसती सूं… अशी हवा यायची. मोहितनं मोबाइलले दोष दिला. दुसरं काय करणार.

तर त्या रात्री वादळात लाइट गेली, आली, गेली, परत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा डबीचं अडॅप्टर जळालं. खोलीभर वास. मोहित अंधारात गुडघ्यावर बसला. लाल दिवा होता. बॅटरीवर होता. भरलेली बॅटरी फार तर तीन तास चालायची, अन् बदलायची म्हटली तर क्षणभर करंट तुटणारच. तो क्षणच नको होता.

तसलं उलट्या तारेचं, प्लस-मायनस उलटं असलेलं अडॅप्टर बाजारात मिळत नाही. ते वामनरावनं हातानं बनवलेलं. तसंच दुसरं, ट्रकच्या बॅटरीवर चालणारं, त्यानं बनवून फळीवर ठेवलं होतं, मोहितनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण वामनराव गुढीपाडव्याच्या आधीच वारला होता. मोहितनं खांदा दिला होता त्याले. खोलीले कुलूप, अन् किल्ली चौकटीवर, नेहमीच्या जागी.

मोहितनं वेदिकाले उचललं, शेजारच्या यमुताईकडे दिलं. रीनाच्या आजारपणात याच बाईनं सगळं केलं होतं. ती दारात आडवी उभी राहिली.

"एका आवाजापायी पोरीले सोडून चालला का गा? झाडं पडून राहिली बाहेर."

मोहित म्हणाला, "यमुताई, आज हा विझला तर मी तिले दुसऱ्यांदा जाळून येईन. एकदा झालं तेवढं पुरे."

बाई बाजूला झाली.

डबी झोळीत, झोळी छातीवर, अन् मोहित मोटरसायकलवर. कापडातून लाल ठिपका दिसायचा. दर चौकात तो खाली पाहून घ्यायचा. सदरमध्ये रस्त्यावर गुलमोहर आडवा. वळसा. पुढं खांब पडलेला. परत वळसा. फुटाळ्याकडून अमरावती रोडले लागला तेव्हा साडेअकरा झाले होते. दोन्ही बाजूले अंधार. ट्रक उभे, ड्रायव्हर काचा लावून आत. पूर्ण वाडीत एक दिवा नव्हता.

गोदामामागं गाडी लावली. ठिपका फिका झाला होता. पळतच तो खोलीशी आला, चौकटीवर हात फिरवला. किल्ली सापडली. कुलूप बाहेरून लागलेलं होतं, त्यानं हातानं चाचपलं.

दाराच्या फटीतून उजेड येत होता.

नारिंगी. व्हॉल्व्हचा.

लाइट नाही वाडीत. खोलीत उजेड. तो थांबला… पण खाली पाहिलं तर ठिपका आणखी फिका. कुलूप उघडून तो आत गेला.

टेबलावर एक मोठा अँप, पाठ उघडलेली. चार व्हॉल्व्ह लाल. अँपाची वायर खाली लोंबत होती. प्लग जमिनीवर पडला होता.

अन् स्टुलावर वामनराव.

तोच बनियन. तीच मान तिरपी. मोहितकडे पाठ.

मोहित नंतर म्हणे, तेव्हा भीती वाटली नाही. ज्याले खांदा दिला तो समोर बसला आहे, हे त्याले कळत होतं. पण त्याच्या डोक्यात एकच होतं. ठिपका. त्यानं झोळीतून डबी काढली, टेबलावर ठेवली अन् हात जोडले.

"काका, विझून राहिली. काही करा."

वामनराव वळला नाही. एक वायर सरकत आली. डबीले लागली. ठिपका लालभडक झाला.

आवाज आला. मोठ्या अँपातून, भरून. रीना जणू खोलीतच.

"बोरीच्या झाडाले वारा झुलवे…"

मोहित खाली बसला. रडला. पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्यांदा ऐकला.

तिसऱ्यांदा 'बोलवे' आलं. सूर घसरला नाही.

सरळ गेला. काचेसारखा.

अन् सोळा सेकंद संपले तरी आवाज थांबला नाही.

"…मी बोलवते. ये."

ही ओळ तिची नव्हती.

मोहितले ते कळलं. कळून बी तो पुढं सरकला. अकरा महिने तेच सोळा सेकंद ऐकणाऱ्याले सतरावा मिळाला, तर तो कसा मागं सरकन…

"…ये."

तेव्हा त्यानं वामनरावचे हात पाहिले.

दोन्ही हात अँपात होते. मनगटापर्यंत. लाल काचांच्या मधात.

वामनरावनं हळूच ते बाहेर काढले. स्टुलावरून सरकला. अर्धी जागा मोकळी केली. अन् अँपाच्या उघड्या पाठीकडे बोट दाखवलं. जसा शिकवताना दाखवायचा… इथं. अन् इथं.

दोन जागा. दोन हातांसाठी.

मोहित स्टुलावर बसला.

उजवा हात आत घातला. काही झालं नाही. थंड होतं. विहिरीत हात घातल्यासारखं.

"…ये ना…"

डावा हात उचलला. वेदिका आठवली का, असं त्याले नंतर कोणी विचारलं. तो म्हणे, नाही आठवली. खरं सांगतो, नाही आठवली. डावा हात टेबलाच्या वर आला. काचांचा उजेड बोटांवर पडला…

आवाज थांबला.

मधातच. 'ये' अर्धं राहिलं.

काही नाही.

काहीच नाही…

जाग आली तेव्हा साडेचार वाजले होते. पहिला ट्रक सुरू झाला, त्याच्या आवाजानं. मोहित जमिनीवर उताणा पडला होता. टेबलावर अँप नव्हता. धूळ होती, तीन महिन्यांची, अन् त्या धुळीवर निळी डबी. भोवती एक बोट उमटलेलं नाही. ठिपका विझला होता. अडॅप्टर फळीवर होतं, कागदात गुंडाळलेलं. त्यानं ते तिथंच राहू दिलं.

डावा हात त्याच्या खिशात होता. पार खाली दाबून कोंबलेला. बाहेर काढायले जोर लावावा लागला.

तो घरी आला तेव्हा उजाडलं होतं. रस्त्यावर पानंच पानं, अन् हवा अशी गार जशी मे महिन्यात कधी नसते. यमुताईच्या खाटेवर वेदिका झोपली होती, पालथी, तोंड उघडं टाकून. बारा वाजून गेले तेव्हा उठून बसली, मंग आपोआप झोपली, यमुताई म्हणाली. डबी विझली हे ती मोहितचा चेहरा पाहून समजली. उंबरठ्यावर बसवलं त्याले, पाण्याचा गिलास पुढं केला.

मोहितनं डावा हात पुढं केला, अन् बाईनं गिलास खाली ठेवला. मनगट धरून उजेडाकडे फिरवलं. चार बोटांचे वळ होते, निळे, बारीक बोटांचे. वळांच्या खाली कातडीत काही रुतलं होतं. तिनं नखानं ते हळूच काढलं, पदराले पुसलं, तळहातावर घेतलं. हिरव्या काचेचा तुकडा, बाकदार.

बोटानं तो उलटून पाहिला. मंग झोपलेल्या पोरीकडे एकदा पाहिलं अन् अगदी हळू म्हणाली,

"हा चुडा मीच भरला होता गा रीनाले… घाटावर न्यायच्या दिवशी."