आर्मंडची आघाडी

बार्नाबीच्या डोंगरावर एप्रिलमध्ये जायचे तर उजाडता उजाडता निघावे, हे ओडील लव्हॉयला सांगायची कोणाची टाप नव्हती. तीच सगळ्यांना सांगे. रात्रभर गोठलेला बर्फ सकाळी फरशीसारखा टणक असतो. दुपारी ऊन लागले की तोच ओल्या साखरेसारखा भुसभुशीत होतो आणि पायांत स्नोशू, म्हणजे बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद जाळीदार चौकटी, चढवलेले असले तरी माणूस रुतत जातो. म्हणून खाली दरीत मेपलचा पाक आटवणाऱ्यांच्या धुराड्यांतून पहिली वाफ निघत होती, तेव्हाच तिने आपला ट्रक चिखलातून रेटत पायथ्याशी आणून उभा केला.

ओडीलने सगळी हयात शाळेची बस चालवण्यात घालवली होती. तिच्या बसमध्ये गाडी थांबल्याशिवाय कोणी सीटवरून उठले नव्हते, आणि डोंगरावरही तिचा तोच खाक्या होता. निवृत्त झाल्यावर लोक मऊ होतात म्हणे. ही झाली नव्हती.

"डोनट खा आधी," हॅटी म्हणाली. हॅटीची गावात बेकरी होती आणि कुठल्याही प्रसंगाला ती डोनटने तोंड देत असे. "रेमी, घे रे. रिकाम्या पोटी डोंगर चढलास तर तुला उचलून कोण आणणार? माझी कंबर गेलीये."

रेमी फूर्नियेने एक डोनट घेतला आणि हातातच धरून ठेवला. दुसऱ्या हातात लोकरीचा जाड हातमोजा होता. एकच.

तो हातमोजा त्याच्या थोरल्या भावाचा, आर्मंडचा. जानेवारीत आर्मंड एकटाच वर गेला आणि परतलाच नाही. शोधपथके गेली, कुत्री फिरली. शिखराखालच्या खांद्यावर, जिथे चढ थोडा सपाट होतो तिथे, एवढा एक हातमोजा मिळाला आणि मग वादळ आले. बर्फ वितळल्यावर बघू, असे सांगून सगळे घरी गेले. रेमी मात्र गेला नाही. त्याचा ट्रक दिवसदिवसभर पायथ्याशी उभा असे आणि तो आत बसून वर बघत राही. आज ना उद्या हा एकटाच चढायला लागणार, हे ओडीलला स्वच्छ दिसत होते. एका घरातला एक डोंगराने ठेवून घेतला तेवढा पुरे झाला. म्हणून तिनेच त्याला न्यायचे ठरवले. न्यायचे आणि परत आणायचे.

"एकच अट," स्नोशूचे पट्टे आवळत ती म्हणाली. "तो खांदा बघायचा आणि फिरायचं. मी 'परत' म्हटलं की परत. का, कशाला, पाचच मिनिटं, काही चालणार नाही."

"बरं."

"आणि पायवाट सोडायची नाही. काहीही दिसलं तरी."

"बरं म्हटलं ना, ओडील."

"अरे, शाळेच्या बसमध्ये बसलोय असं समज," हॅटी म्हणाली. "माझी नातवंडंसुद्धा शाळेतून सुटली, पण ही बाई मला अजून सीटवर दाबून बसवते."

चढण सुरू झाली. रात्री चार बोटे नवा बर्फ पडला होता, त्याखाली हिवाळाभर तुडवलेली वाट घट्ट होती. या चौघांची, म्हणजे आता तिघांची, चालायची एक रीत होती. पुढच्याने बर्फ तुडवून वाट करायची. तो दमला की स्वतःच्या स्नोशूच्या कडेवर काठीने दोन ठोके द्यायचे आणि बाजूला व्हायचे. मागचा पुढे सरकतो, सगळी रांग पुढून निघून जाते, आणि दमलेला शेपटाला येऊन लागतो. बोलायचे नाही, दम जातो. नुसते दोन ठोके, म्हणजे आता तुझा नंबर. त्यांच्या ॲल्युमिनियमच्या कडा टिंग टिंग वाजत. आर्मंडचे स्नोशू तेवढे लाकडी होते, ॲश झाडाच्या फांद्या वाफेवर वाकवून त्याने स्वतः बनवलेले, आत चामड्याच्या वादीची जाळी. ते ठक ठक वाजायचे. दर वर्षी तो त्यांना जवसाचे तेल चोळी आणि त्या वासावरून सगळे त्याची टिंगल करीत.

पहिली आघाडी हॅटीची झाली. तिने दोन ठोके दिले, धापा टाकत बाजूला उभी राहिली आणि मागे आली. मग रेमी, मग ओडील. उन्हे वर आली, फर वृक्षांवरून बर्फाचे गोळे धपाधप गळू लागले. रेमीने डोनट खाल्ला. ओडीलला बरे वाटले. सगळे काही तिच्या मनासारखे चालले होते.

खांद्यावर पोचले तेव्हा ढग उतरला.

असा ढग बार्नाबीवर रोजचाच. दहा पावलांपलीकडचे झाड दिसेना, एवढेच. ओडीलने हाताने थांबायची खूण केली. गळणाऱ्या बर्फाचा आवाजही बंद झाला होता. हातमोजा जिथे सापडला, तिथे बचावपथकाने झाडाला बांधलेली नारिंगी फीत निपचित लोंबत होती. रेमी तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याला हवा तेवढा वेळ द्यावा, असे ओडीलने ठरवले.

"ओडील," तो म्हणाला. "हे बघ."

फितीच्या पलीकडे, पायवाट सोडून, ठसे गेले होते.

जुने ठसे डोंगरावर उलटे होतात. पायाखाली दबलेला बर्फ घट्ट राहतो, आजूबाजूचा भुसा वारा उडवून नेतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी जिथे खड्डा होता तिथे पावलाचा उंचवटा उभा दिसतो. ओडीलने असे ठसे आयुष्यभर पाहिले होते. हे तसेच होते. रुंद, गोल, हातभर उंचीचे, ओट्यापुढे ओटा मांडावा तसे एकामागून एक झाडांत गेलेले. प्रत्येकावर जाळीची नक्षी. डाव्या पावलाच्या टाचेशी एक तिरपी रेघ.

"तार," रेमी म्हणाला. "गेल्या वर्षी त्याची डावी वादी तुटली. मीच कुंपणाची तार बांधून दिली होती."

"असेल. जानेवारीतले असतील," ओडील म्हणाली. आवाज तिने बसमधला काढला होता.

पण तिचे डोळे चांगले होते आणि त्यांनी पाहायचे ते पाहिले होते. रात्रीचा नवा बर्फ सगळीकडे सारखा पसरला होता. त्या ठशांवर तो नव्हता. ठसे त्या बर्फाच्या वर उभे होते. जे व्हायला महिने लागतात, ते आज सकाळी झाले होते.

 हे त्या दोघांना सांगून कोणाचा फायदा होता?

"परत," ती म्हणाली.

तेवढ्यात झाडांतून आवाज आला.

ठक... ठक.

हॅटीने आपल्या काठ्यांकडे पाहिले. त्या तिने छातीशी धरल्या होत्या. "फांदी असेल गं," ती म्हणाली. "गोठलेली फांदी..."

ठक... ठक.

"माझा नंबर आहे," रेमी म्हणाला. अगदी साध्या आवाजात म्हणाला. बेकरीच्या रांगेत उभे राहून म्हणावे तसा. "तो दमलाय, ओडील. जानेवारीपासून एकटाच आघाडीला आहे. कोणी सोडवलंच नाही त्याला."

आणि त्याने पायवाटेबाहेर पाऊल टाकले.

बर्फात बुडालेल्या लहान फर झाडांभोवती पोकळी असते. वरून काही कळत नाही. वरचा पापुद्रा फुटला की माणूस फांद्यांमधून खाली जातो आणि स्नोशू तिथे अडकून बसतात. रेमी बरगड्यांपर्यंत आत गेला. तो ओरडलासुद्धा नाही. झाडांकडे तोंड करून हातांनी पुढे सरकायचा प्रयत्न करीत राहिला, आणि प्रत्येक हिसक्याला आणखी खाली गेला.

ओडील पोटावर आडवी झाली, त्याच्या पाठपिशवीचा पट्टा तिने दोन्ही हातांनी धरला. हॅटी तिच्या पायांवर बसली. "ओढ बाई, ओढ," हॅटी रडत म्हणत होती, "मी हलत नाही, माझं वजन कधीतरी कामाला येऊ दे."

तो वाटेवर आला. एक स्नोशू आतच राहिला होता. आणि तेव्हा वास आला. थंडीत जिथे कशालाच वास नसतो, तिथे जवसाच्या तेलाचा दाट, गोडसर वास. ठोके आता झाडांच्या कडेशी वाजले.

ठक. ठक.

"जाऊ दे मला," रेमी म्हणाला. "ओडील, तो बोलावतोय..."

ओडील उठून उभी राहिली. तिला भीती वाटली नाही असे कोणी म्हणू नये.  पण बसभर पोरे रडत असताना घाटात ब्रेक निकामी झालेली गाडी तिने एकदा नीट खाली आणली होती, आणि अशा वेळी आपण काय करतो हे तिला ठाऊक होते. आपण स्टिअरिंग सोडत नाही.

"आर्मंड!" ती मोठ्याने म्हणाली. "ऐकलं आम्ही. रेमीचा नंबर नाही. माझा आहे. आता आघाडी माझी. तू बाजूला हो, आणि शेपटाला ये. रीतीप्रमाणे."

ढगात काहीच हलले नाही. पण ठोके थांबले.

तिने रेमीला आपल्यामागे घेतले, त्याच्यामागे हॅटीला, आणि उताराला तोंड केले. "मागे कोणी बघायचं नाही. चला."

त्या आघाडीची गोष्ट ओडील पुढे कोणाला सांगत नसे. ऊन झाले होते, बर्फाची भुसभुशीत साखर झाली होती. पुढच्याचे प्रत्येक पाऊल रुतत होते, ते उपसून पुढचे टाकायचे. एका पायात स्नोशू असलेला रेमी तिच्या तुडवलेल्या बर्फावर खुरडत येत होता. तिने वाट घट्ट केली नसती तर तो पुन्हा बुडाला असता. जंगल सुरू झाल्यावर हॅटीचा आवाज आला. थट्टा त्यातून पार गेली होती.

"ओडील... माझ्या मागे..."

"माहीत आहे."

"लाकडाचा आवाज येतोय. माझ्या पावलाला पाऊल..."

"रांगेत आहे तो. चालत राहा."

ओढ्यापाशी ओडीलच्या मांड्यांत पेटके आले. तोंडात रक्ताची चव आली.

"मला दे आघाडी," रेमी म्हणाला. तो आता भानावर आला होता. "मेलीस तर काय उपयोग? ठोके दे आणि बाजूला हो."

तिने काठी उचललीसुद्धा. सवयच ती. टोक स्नोशूच्या कडेपाशी गेले, आणि मग तिच्या लक्षात आले. दोन ठोके दिले की बाजूला उभे राहावे लागेल. रेमी समोरून जाईल, हॅटी जाईल. मग शेवटचा जाईल. आणि तिला त्याच्यामागे जाऊन लागावे लागेल, तो नेईल तिकडे. ती नाही लागली तर रीत मोडली, मग रेमीचा नंबर.

"मी दमले नाही," ओडील म्हणाली, आणि पाय उपसला.

ट्रक दिसला तेव्हा ती रडत होती. चिखलात पाय पडताच तिने पट्टे ओरबाडून काढले, दोघांना आत कोंबले आणि आरसा न बघता गाडी काढली. बसच्या ड्रायव्हरने असे कधी करू नये. तिने केले.

मे महिन्यात आर्मंड सापडला. वर नाही, पायथ्याशी, ट्रक उभा करतात तिथून हाकेच्या अंतरावर, वाटेच्या कडेला उरलेल्या बर्फाच्या शेवटच्या ढिगाऱ्याखाली. पायांत लाकडी स्नोशू तसेच होते. तिथून कुत्री जानेवारीत कितीदा गेली होती, असे पथकवाले एकमेकांना विचारत राहिले. जमीन वितळली होती, म्हणून थांबावे लागले नाही, लगेच पुरला. कबरीशी रेमीने तो हातमोजा त्याच्याबरोबर दिला आणि ओडीलला मिठी मारली. "तू त्याला घरी आणलंस," तो म्हणाला. त्या रात्रीपासून तो झोपू लागला. त्याचा ट्रक पायथ्याशी दिसेनासा झाला. ओडीलला आपला अभिमान वाटला आणि तो वाटावा असेच तिने केले होते.

ऑक्टोबरात एकदा बेकरीत हॅटीने कॉफी ओतता ओतता विचारले, "एक सांग गं ड्रायव्हरीणबाई. त्या दिवशी खाली पोचल्यावर तू ठोके दिलेस का?"

"नाही. पट्टे काढले आणि पळाले."

"म्हणजे आघाडी सोडलीच नाहीस."

"गप्प बस. डोनट दे."

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला. सकाळी ओडील घरातले जोडे घालून फाटकाशी टपालाची पेटी बघायला गेली. पेटीत बियाण्यांचे सूचीपत्र होते, बाकी काही नाही. ते काखेत मारून ती परत फिरली आणि थांबली. पायऱ्यांपासून फाटकापर्यंत तिची पावले बर्फात उमटली होती, खोलगट, साधी. त्यांच्यामागून, पावलाला पाऊल, दुसरे ठसे आले होते. रुंद, गोल. ते खोलगट नव्हते. ताज्या बर्फावर हातभर वर उभे होते, आणि शेवटचा तिच्या पायांपासून एका पावलावर होता. डावा. टाचेशी तिरपी रेघ.

जवसाच्या तेलाचा वास आला.

ओडीलने खोल श्वास घेतला. एकसष्टावे वर्ष सरायला आले होते, गुडघे हिवाळ्यात बोलू लागले होते, आणि पुढे अख्ख्या मोसमाचा बर्फ पडायचा होता. तिने सूचीपत्र नीट काखेत धरले.

"दमले नाही मी अजून," ती म्हणाली, आणि घराकडे चालू लागली. ते ठसे चुकवून, कडेकडेने.

पायऱ्या चढताना तिने मागे पाहिले नाही. पण दार लावताना तिला ऐकू आले. अंगणात कोणीतरी लाकडावरचा बर्फ हलकेच झटकला, आणि वाट बघत उभे राहिले.