भिकू तांडेल जिथे, नाळ तिथे

२०१७च्या डिसेंबरात समुद्र खवळला म्हणून आम्ही डहाणूच्या खाडीत नांगर टाकला. आसरा चांगला होता. धक्क्यावर बर्फ, डिझेल, गोडं पाणी, शिवाय चंद्रावतीबाईंची चहा-जेवणाची टपरी. नावेवर आम्ही चौघे: नाव चालवणारा भिकू तांडेल, तुक्या आणि जिग्नेश हे खलाशी, आणि इंजिन सांभाळणारा मी.

पाचवा धाकल्या. आदल्या दिवशी लाटेने त्याला बाहेर फेकलं होतं. तो हात वर करत होता.

"दादा, वळवा!" मी ओरडलो.

"एकासाठी चौघं मरू काय?" म्हणत भिकूने नाव सरळ हाकली.

दुसऱ्या दिवशी भरती लागली तशा सगळ्या नावांच्या नाळी, म्हणजे पुढची टोकं, समुद्राकडे फिरल्या. आमची मात्र टपरीकडे. तिथे भिकू चहा पीत बसला होता. मी दोर तपासला. कुठेच अडकला नव्हता. भिकू औषध आणायला नरपडच्या रस्त्याला लागला, तशी नाळही हळूहळू त्याच्यामागे सरकली. नांगर चिखलात फरफटायला लागला. तो परत नावेवर चढला, तेव्हा कुठे ती इतरांसारखी फिरली.

तिसऱ्या दिवशीही तेच.

मग आम्ही त्याला उतरू देणं बंद केलं. नाव खडकावर जाईल, असं एकमेकांना सांगितलं. धक्क्यावर जायची छोटी होडी आम्ही घेऊन जायचो. टपरी शंभर पावलांवर. तळलेल्या बोंबलांचा वास नावेपर्यंत यायचा. चंद्रावतीबाईंनी त्याच्यासाठी दिलेला डबा तुक्याने टपरीतच उघडला. दोन घास मीही घेतले.

भिकूला पोहता येत होतं. पण आता तो पाण्यात बोटही बुडवत नव्हता.

"मनिष, एकदा जमिनीला पाय लावू दे रे," पाचव्या दिवशी दुपारी तो म्हणाला. "खालून फळ्या चाचपतंय कुणीतरी."

"एकासाठी नाव घालवू काय?" जिग्नेश हसला. मीही हसलो.

जेवून परतलो तर भिकू नव्हता. तुक्याने हाका मारल्या. शेजारच्या नावेवरचे म्हणाले, आम्ही इथेच जाळी शिवत होतो, कुणी उडी मारलेली दिसली नाही.

कुठे गेला ते कळेल म्हणून मी नाळ बघितली.

टपरीकडे नव्हती. नरपडकडे नव्हती. समुद्राकडेही नव्हती.

वारा पडला होता. नाव रिकामी होती.

तिचा मागचा भाग पाण्यातून उचलला गेला होता, आणि नाळ सरळ खाली झुकली होती.