अर्धा कोयता

“घरात माणसं किती?” मी विचारलं.

“साडेतीन,” ओट्यावर कोयत्याला धार लावत बसलेला तो म्हणाला. “आई, दादा, वहिनी... आन् मी अर्धा.”

शिरूर कासारजवळच्या त्या वस्तीवर मी आरोग्याच्या सर्वेक्षणाला आले होते. उन्हानं डोकं उठलेलं, त्यात हा शहाणा!

“माणूस अर्धा कसा असतो?”

“ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात, मॅडम. माझं लगीन न्हाई. म्हंजी मी अर्धा.” त्यानं मान वर केली. “लिवा की... बद्रीनाथ, अर्धा.”

मला हसू आवरलं नाही. आणि तिथेच मी फसले.

पुढे रोज घरं दाखवायच्या निमित्तानं तो बरोबर फिरू लागला. माझी पाण्याची बाटली भरून आणायचा, देताना त्याची बोटं उगाच रेंगाळायची. बायका मात्र जमिनीकडे बघत उत्तरं द्यायच्या. पोटात दुखत होतं, डॉक्टर म्हणाला काढा, गर्भाची पिशवी काढली. त्याची वहिनीही तेच म्हणाली. तिशीसुद्धा न गाठलेली ती बाई भिंत धरून उठत होती.

“वहिनीचं नशीब...” तो पुटपुटला.

“नशीब एकटीचं असतं, बद्रीनाथ. सगळ्या वस्तीची उत्तरं शेजारी-शेजारी ठेवून बघा. पिशव्या गेल्यात त्या तोडीला जाणाऱ्यांच्याच, पाळीत कामाला खाडा नको म्हणून.” माझा आवाज चढला होता. “दुखलं की आधी सरकारी दवाखान्यात तपासायचं. काढा म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरला विचारायचं. आणि बाईला एकटीला पाठवायचं नाही.”

वहिनीला आता वाकता येत नव्हतं, म्हणजे दादाची जोडी मोडली होती. घर चालवायचं तर यंदा बद्रीनाथलाच लग्न करून पुरा कोयता व्हावं लागणार होतं.

शेवटच्या दिवशी मी लाज सोडली. “मी येते तुमच्या जोडीला.”

“तुमी? ऊस बघितलाय का रसाच्या गिलासाभाईर?” तो हसला... मग हसू विझलं. “लई आवडता तुमी मला. म्हणूनच न्हाई. तुमाला भिंत धरून उठताना बघवायचं न्हाई मला.”

“मग अर्धेच राहा. तोडीवरची माणसं परतली की, गुढीपाडव्यानंतर मी पुन्हा येणार आहे.”

“राहीन... जमलं तर.”

पाडवा झाला. त्याच ओट्यावर एक कोवळी मुलगी ज्वारी निवडत होती.

“नाव?”

“सायली बद्रीनाथ सानप.”

मी नाव लिहून घेतलं. प्रश्न तर विचारायचेच होते. “पोटात, कमरेत दुखतं का?”

“तोडीवर दुखलं लई. टोळीतल्या बाया म्हणल्या, लेकरं झाली की पिशवी काढून टाक. ह्यांनी साफ न्हाई म्हणलं. आदी सरकारी दवाखान्यात तपासायचं म्हणले. संगं आले, एकटीला जाऊ दिलं न्हाई.” ती लाजली. “ह्यांना कुणी शिकवलं, काय म्हाईत!”

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही... पण आत काहीतरी तुटत होतं.

बद्रीनाथ दारात येऊन उभा राहिला होता.

“घरात माणसं किती?” मी विचारलं.

“पाच,” तो खाली बघत म्हणाला. “पुरी पाच.”

मी पाच नोंदवली. त्यानं माझी बाटली भरून आणली आणि माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवली.