बायकांची खोली

दुपारची गाडी गेली तशी सारजा फलाटावरचे रांजण भरायला निघाली. साल त्र्याण्णव, चैत्राचं ऊन. बारामतीच्या छोट्या गाडीच्या वाटेवरचं ते एवढंसं स्टेशन: काळ्या दगडाची बैठी इमारत, वर कौलं, तिकिटाची कमानदार खिडकी आणि टोकाला बायकांनी बसायची खोली. सारजा तिथली पाणीवाली.

खोलीला कायम कुलूप. आत स्टेशनमास्तरांनी मेहुण्याच्या सिमेंटच्या गोण्या रचलेल्या. गेल्या चैत्रात कळंबची म्हाळसा, दिवस भरत आलेली, याच दाराशी उभी राहून म्हणाली होती, "घटकाभर सावलीला टेकू द्या." मास्तरांनी खिडकीतूनच सांगितलं, किल्ली नाही. किल्ली त्यांच्या खिशात वाजत होती. गाडी यायच्या आत बाई फलाटावर कोसळली, ती पोटातल्या जिवासकट गेली. कागदावर 'ऊन लागून' एवढंच आलं. सारजाला कुणी काही विचारलंच नाही.

रांजणात घागर उपडी करता करता तिचा हात थांबला. बंद खोलीतून कण्हणं येत होतं. दबकं, दात आवळून धरल्यासारखं. दाराच्या फटीतून शेपा-ओव्याच्या धुरीचा वास आला, बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा.

भीतीच्या मागोमाग सारजाच्या मनात वर्षभराचा संताप उसळला. ती तडक मास्तरांपुढं उभी राहिली.

"किल्ली द्या."

"रिकामी आहे ती खोली."

"मग उघडून दावा. रिकाम्या खोलीपायी बाई उन्हात मेली."

मास्तर चिडून उठले. कुलूप निघालं, पण दार हलेना. आतून कडी होती.

"आत... आत कोण आहे?" मास्तर कुलूप हातात धरून पुटपुटले.

सारजानं कवाडाला गाल टेकला. "म्हाळसाबाई... मी सारजा. पाणी आणलंय."

आतली कडी निघाली. दार आपसूक उघडलं. आत गोण्या, अंधार आणि दगडी बाक. कुणीच नव्हतं.

मास्तर उंबऱ्यातूनच मागं फिरले. महिन्याभरात त्यांनी बदली घेतली. गोण्या सारजानं हमालांकरवी बाहेर काढवल्या आणि किल्ली पुन्हा कुणाच्या हाती दिली नाही. बायका येऊ लागल्या, टेकू लागल्या.

आषाढात डाळजची एक नवखी पोरगी खोलीत एकटीच बसली होती. सारजानं तिच्यापुढं तांब्या धरला. पोरीनं तो घेतला नाही. बाकाच्या रिकाम्या कोपऱ्याकडं बोट करून ती हळूच म्हणाली,

"आदी ह्यास्नी द्या, मावशी. लेकरू कवाधरनं रडतंय त्यांचं..."