पाझर

दारू जाऊन आता बरीच वर्षं झाली. बंदी-बिंदी काही नाही हं, लोकांनीच सोडली. कारण पाझर आला. नखाएवढी पट्टी, जिभेखाली ठेवायची, की असं मस्त वाटायला लागतं, विचारू नका. तोल जात नाही, वास येत नाही, सकाळी डोकं दुखत नाही. जळगावात तर भरीत पार्टी म्हटलं की वांगी, कळण्याची भाकरी आणि पाझर, हे ठरलेलंच.

हितेशच्या शेतात दर हिवाळ्यात मित्र जमायचे. त्यात लोकेश माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे पाझर कधी जिभेला लागला नाही. पण पार्टी त्याच्याशिवाय व्हायचीच नाही. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजणार तोच, आणि सगळ्यांत आधी हसणारही तोच. न घेता याला चढते कशी भो, असं सगळे चिडवायचे.

यंदा मात्र तो हसेना. वांगी करपली तरी नुसता बघत बसला. तब्येत ठणठणीत, घरी भांडण नाही. एकदा म्हणाला, ओवी, म्हणजे त्याची पोर, दारात पळत येते तेव्हाच काय ते बरं वाटतं. बाकी माझ्या आत कोणी नाहीच.

हितेश घाबरला. त्यानं मुक्ताला फोन लावला. मुक्ता नेहेते त्यांच्याच कॉलेजची, आता पाझर बनवणाऱ्या प्रयोगशाळेत होती. तिनं आधी विचारलं, तुमच्यात न घेणारा कोण आहे? लोकेश, हितेश म्हणाला. मग तिनं सांगितलं ते असं, की दारू उद्याचा आनंद आजच पिऊन टाकायची, म्हणून सकाळी उदास वाटायचं. पाझर उद्याचं घेत नाही, शेजारच्या विहिरीचं घेतो. एकमेकांवर जीव असलेल्या माणसांचे मेंदू एका लयीत चालतात. ती लय पकडून तो न घेणाऱ्याच्या मेंदूतून आनंद ओढतो. वर्षानुवर्षं उपसली की विहिरीला कधीतरी तळ लागतोच. घेणाऱ्याच्या मेंदूवर मात्र झाकण बसतं, त्यातून काही जात नाही.

"म्हणजे आम्ही लोक्याला पितोय?"

"हो. उद्या येते मी. तोवर काही करू नका."

पण हितेशच्या डोक्यात ते झाकणच घोळत होतं. सरळ आहे ना, लोकेशलाही द्यायचा! आपणच बंद करावं, हे एकाच्याही मनात आलं नाही. खरंच नाही आलं.

दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यांनी लोकेशला सगळं सांगून घेरलं. तो नाही म्हणाला. हितेश रडायलाच लागला. "माळ काढ, खुंटीला टांग, उद्या परत घाल. तू असा विझून गेलास तर आम्ही काय करायचं भो?"

लोकेशनं माळ काढली, कपाळाला लावली, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतल्या खुंटीला अडकवली. पट्टी जिभेखाली ठेवली. आणि थोड्या वेळानं हसला! तसाच, पूर्वीसारखा, सगळ्यांच्या आधी. कोणी नाचलं, कोणी त्याला उचललं.

तेवढ्यात मुक्ता पोचली. कोणी कोणी घेतला, तिनं विचारलं.

"सगळ्यांनी," हितेश ऐटीत म्हणाला. "बसलं ना झाकण?"

मुक्ता तिथेच खाली बसली. "मग आत्ता हे येतंय कुठून?"

जो तो मनात आपलं घर बघत होता.

"पण घर लांब आहे," लोकेश म्हणाला. "इतक्या लांबून..."

"अंतराचं काही नसतं रे. जीव लागतो फक्त."

लोकेशनं घरी फोन लावला. त्याची बायको तेजल म्हणाली, बरं झालं फोन केलात. ओवी अंगणात खेळता खेळता मधेच बसली. ताप नाही, रडत नाही. हाक मारली तरी बघत नाही. "बाबा येतायत म्हटलं, तर म्हणते, येऊ देत."

लोकेशनं बोट घालून जीभ खरवडली. पट्टी केव्हाच विरघळली होती. मुक्ता म्हणाली, सकाळपर्यंत उतरत नाही.

त्याचा हात गळ्याकडे गेला. तिथे माळ नव्हती. त्याला रडायचं होतं हो, जीव तोडून प्रयत्न करत होता तो. पण इतकं छान वाटत होतं त्याला, की तोंड हसतच राहिलं.