दीर्घरावांचे ठोके

दीर्घरावांचं पत्र आलं तेव्हा ऱ्हस्वरावांनी ते शब्दकोशात ठेवून दिलं, 'उ'च्या पानांत. उ उत्तराचा, म्हणजे विसरायला होणार नाही. विसरले ते नव्हतेच. शब्दकोश रोज उघडायचा, पत्र रोज दिसायचं, आणि रोज ते स्वतःशी म्हणायचे, आज नको, आज हात चालत नाही. पत्राला उत्तर देणं म्हणजे काही डोंगर उचलणं नव्हे. पण ते उत्तर वाचणार होते दीर्घराव, ज्यांचा उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका मोठ्याने वाचण्यात गेला होता. ऱ्हस्वराव दोन ओळी लिहीत, त्यात काहीतरी खटकलं की कागद चुरगळून टाकत. असं करता करता एके दिवशी दीर्घरावांच्या लेकीचा फोन आला. बाबा गेले, झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही. उत्तराचा प्रश्न मिटला असं ऱ्हस्वरावांना वाटलं, आणि असं वाटलं याची लाजही वाटली.

दोघांची ही नावं छापखान्यातली. मुद्रितं तपासायच्या खोलीत दोघं समोरासमोर बसत. एक बुटके आणि पाठीत वाकलेले, दुसरे दारातून आत येताना मान लववणारे. खिळे जुळवणारा जुळारी गमतीने म्हणाला, "पहिली वेलांटी आली, दुसरी अजून यायचीय," आणि तेव्हापासून ते ऱ्हस्वराव नि दीर्घराव झाले. खरी नावं पगाराच्या दिवसापुरती उरली.

काम जुन्या पद्धतीचं होतं. दीर्घराव लेखकाचं हस्तलिखित मोठ्याने वाचत, ऱ्हस्वराव छापून आलेल्या कागदावर डोळे रोवून ऐकत. प्रत्येक शब्दाला 'पहिली', 'दुसरी' म्हणत बसलं तर एका पुस्तकात म्हातारपण येईल, म्हणून दीर्घरावांनी पेन्सिलीचे ठोके ठरवले होते. वेलांटी असो की उकार, पहिला असेल तर एक ठोका, दुसरा असेल तर दोन. ओळ संपली की ते थांबत. ऱ्हस्वराव "हं" म्हणत. मग पुढची ओळ. "हं" आला नाही तर तीच ओळ पुन्हा. एकदा जेवणानंतर ऱ्हस्वरावांना डुलकी लागली. जाग आली तेव्हा चहावर साय धरली होती आणि दीर्घराव तीच ओळ वाचत होते. आवाज चढलेला नव्हता, कपाळाला आठी नव्हती.

"अहो, उठवायचं नाही का?"

"कागदावर 'उठा' असं लिहिलेलं नव्हतं," दीर्घराव म्हणाले.

माणूस असा सरळ. एका लेखकाने 'शुभ दिन'चं 'शुभ दीन' करून ठेवलं होतं. ऱ्हस्वराव म्हणाले, त्याला काय म्हणायचंय ते कळतंय, वाचा पुढे. दीर्घरावांनी दोन ठोके दिले. "लिहिलंय ते वाचायचं. म्हणायचंय ते त्याचं त्याच्यापाशी."

डोकं दुखायला लागलं ते दीर्घराव गेल्यानंतर की आधी, हे ऱ्हस्वरावांना नक्की सांगता येत नाही. सुरुवातीला उजव्या कानशिलात नुसती ठसठस असायची. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून चष्मा बदलला. नव्या चष्म्यातून ठसठस अधिक स्वच्छ जाणवू लागली. दातांच्या डॉक्टरांनी अक्कलदाढ दोषी ठरवून काढली. ती बिचारी निर्दोष निघाली, पण निकाल लागला तेव्हा उशीर झाला होता. उशी बदलली, पलंगाची दिशा बदलली, कॉफी सोडली, कॉफी पुन्हा धरली. शेजारच्या शिंपीणबाईंनी सांगितलं म्हणून कपाळाला ओला रुमाल बांधून बसले, तर सर्दी झाली. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांना एका मोठ्या पांढऱ्या यंत्रात सरकवलं आणि चकचकीत काळ्या कागदावर आतले फोटो काढून दिले.

"काही नाही," फोटो उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले.

"एवढे पैसे भरून डोक्यात काही नाही असं लिहून मिळालं," घरी आल्यावर बायको म्हणाली. "मला विचारलं असतंत तर मी फुकट सांगितलं असतं."

पण थट्टा करून ती आत गेली आणि बराच वेळ तिने भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. कारण तिलाही दिसत होतं काय होतंय ते. ऱ्हस्वराव वाचेनासे झाले होते. पान उघडलं की कानशिलात ठोका पडायचा आणि अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलायची. ज्या माणसाने चार माणसांत कधी धड तोंड उघडलं नाही, ज्याची सगळी ऊठबस पुस्तकांत, त्याचं वाचन गेलं तर मागे काय उरतं? ते खिडकीशी बसून राहायचे. समोर कपाटभर पुस्तकं, आणि हे त्यांच्या पाठींकडे बघत, जसं बंद दुकानाकडे बघावं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी वेगळंच विचारलं. "दुखतं म्हणजे कसं दुखतं? सलग, की थांबून थांबून?"

"ठोके पडतात."

"नीट लक्ष द्या आणि मला सांगा. आपल्याला घाई नाही."

ऱ्हस्वरावांना लक्ष देणं जमायचं. आयुष्यभर दुसरं काय केलं होतं? दुपारी बायको आत झोपली होती, रस्त्यावर दुरुस्तीवाल्याची हातोडी चालू होती. ते खिडकीशी डोळे मिटून बसले आणि दुखण्याकडे कान लावला.

आधी एक ठोका आला. जरा थांबून दोन आले, लागोपाठ. पुन्हा जरा थांबून दोन. मग मोठी शांतता, साधारण एक श्वास घेऊन सोडण्याइतकी. आणि पुन्हा पहिल्यापासून, एक, दोन, दोन.

बाहेरची हातोडी वेडीवाकडी पडत होती. आतला हात सरावाचा होता.

त्यांनी डोळे उघडले. घाम आला होता, पण त्यांनी स्वतःला समजावलं. रक्तवाहिनी उडते, तिला काय लय असू शकत नाही? आणि एक-दोन-दोनची वाक्यं काय थोडी आहेत? 'तुम्ही नाही.' 'पुन्हा कधीही.' हजार निघतील. आपण म्हातारे झालो आहोत आणि एका गेलेल्या माणसाची आठवण येते आहे, इतकंच. हे सगळं बरोबर होतं. तरीही ते उठले आणि शब्दकोश काढला.

पत्र छोटंसंच होतं. इथे सगळं ठीक आहे. लेकीचं घर मोठं, हवेशीर. वाचायला पुष्कळ आहे, ऐकायला कोणी नाही. मोठ्याने वाचतो तर नातवंडं हसतात. आणि शेवटची ओळ:

तुम्ही कधी येता, ते कळवा.

त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. तु. एक ठोका. म्ही. दोन. बोट पुढे सरकलं. धी. दोन. 'येता ते कळवा' इथे बोट सरकत राहिलं आणि डोक्यात काही वाजलं नाही, कारण तिथे वेलांटी नव्हती नि उकारही नव्हता. मग ती मोठी शांतता. ओळ संपली होती. कोणीतरी थांबलं होतं.

ऱ्हस्वरावांनी मागे वळून पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. आतून बायकोच्या घोरण्याचा बारीक आवाज येत होता.

"हं," ते म्हणाले.

ठोके थांबले.

कानात कापूस असावा आणि तो काढावा, तसं झालं. रस्त्यावरचा एक एक आवाज सुटा ऐकू आला. ते थोडा वेळ वाट पाहत बसले. मग भीत भीत कपाटातून एक पुस्तक काढलं, पान उघडलं. अक्षरं जागच्या जागी होती. त्यांनी एक पान वाचलं, मग दुसरं. बायको चहा घेऊन आली तेव्हा ते ओठ हलवत वाचत होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं.

"दुखतंय फार?"

"नाही गं. मुळीच नाही."

तिने कप ठेवला आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवून पाहिलं. "देव पावला," म्हणाली, आणि मग सावरून, "म्हणजे आता पुन्हा घरात माझं कोणी ऐकणार नाही."

रात्रीचं जेवण व्हायच्या आत ठोके परत आले. एक, दोन, दोन. आणि शांतता. ऱ्हस्वराव ताटावर बसल्या बसल्या हळूच "हं" म्हणाले. ठोके थांबले, पण ते पाणी पिऊन होईपर्यंतच. नंतर त्यांनी "हं" म्हटलं तरी थांबेनात.

"सारखं हं हं काय करताय? मी काही बोलले का?"

मग त्यांनी बायकोला सांगितलं. सांगताना तिच्याकडे पाहवलं नाही, मिठाकडे पाहत सांगितलं. ती हसली नाही. आमटीची वाटी पुढे सरकवून म्हणाली, "तुमचंही चुकतंच. त्यांनी प्रश्न विचारलाय. प्रश्नाला कोणी हं म्हणतं का? उत्तर लिहा."

"कोणाला लिहू? ते गेले ना."

"तुम्हाला अडचण कसली आहे? जिवंत होते तेव्हाही लिहिलं नाहीतच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागद घेऊन बसले. 'प्रिय दीर्घराव' लिहिताना 'प्रि'ला एक ठोका पडला, 'दी'ला दोन. दुखलं मात्र नाही. कोणीतरी टेबलाच्या पलीकडून वाचत यावं, तसे ते ठोके नुसते सोबत करत होते. 'उत्तराला उशिर झाला' असं लिहून ते पुढे जायला लागले, तर पुन्हा दोन ठोके पडले, मग पुन्हा दोन. त्यांनी ओळ पाहिली. पहिल्या वेलांटीवर काट मारून दुसरी दिली. ठोके गप्प झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऱ्हस्वरावांना चूक पकडली गेल्याचं बरं वाटलं. मग हात असा सुटला, की त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. कोणी वाचून दाखवत नाही हो आता, त्यांनी लिहिलं. नुसतं डोळ्यांनी वाचलं की अर्धंच वाचल्यासारखं होतं. मनातलं एवढं त्यांनी कधी कोणाला लिहिलं नव्हतं. शेवटी, छापखान्याच्या जिन्याखाली दोघं रोज संध्याकाळी जे म्हणून वेगळे होत, तेच हाताने आपोआप लिहिलं:

बरं, येतो.

या शब्दांना ठोका पडला नाही. वेलांटीच नव्हती, पडणार कुठून? पाकिटावर त्यांनी लेकीच्या घरचा पत्ता घातला आणि पाकीट बंद केलं.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर दोघं बाहेर पडली. औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर टपालपेटी होती, लोखंडी, तोंडाशी रंग उडालेली. ऱ्हस्वरावांचं डोकं इतकं हलकं होतं की चालताना त्यांना मधूनमधून हसू येत होतं. औषधवाल्याने आतून विचारलं, "काका, आज गोळ्या?" आणि त्यांनी चक्क मोठ्याने सांगितलं, "आज नको."

त्यांनी पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं सरकवलं.

"शेवटी काय लिहिलंत?" बायकोने विचारलं.

"काय लिहिणार. निघताना म्हणतात तेच. बरं, येतो."

बायकोने अर्ध्या सरकवलेल्या पाकिटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि त्यांनी काय विचारलं होतं?"

ऱ्हस्वरावांचा हात तिथेच राहिला. तुम्ही कधी येता, ते कळवा.

"निरोपाचा शब्द आहे गं तो. त्यांना कळणार नाही का, मला काय म्हणायचंय ते?"

हे म्हणता म्हणता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"घरी चला," बायको म्हणाली. "शेवटची ओळ बदला. 'तुमचा' लिहा आणि सही करा. त्याने काय बिघडतं?"

खरंच काही बिघडत नव्हतं. त्यांनी पाकीट बोटभर मागे ओढलं.

कानशिलात एक ठोका पडला.

त्यांनी हात थांबवला. ठोकाही थांबला. कोणी दटावत नव्हतं. कोणी ओढतही नव्हतं. टेबलापलीकडे एक उंच माणूस पेन्सिल वर धरून, आठी न घालता, वाट पाहत होता.

ऱ्हस्वरावांना कपाटातली पुस्तकं आठवली, आणि काल दुपारी जागच्या जागी उभी राहिलेली अक्षरं. बायकोचा हात त्यांच्या कोपराशी होता.

"अहो," ती म्हणाली.

त्यांनी पाकीट सोडलं.

ते आत पडलं. डोकं स्वच्छ झालं, धुऊन पुसून ठेवलेल्या पाटीसारखं. ऱ्हस्वरावांनी मोठा श्वास घेतला आणि सोडला. एवढं बरं त्यांना किती दिवसांत वाटलं नव्हतं. बायको रागाने वळून चालू लागली होती. चार पावलांवर ती थांबली.

"आता हं काय?" मागे न बघता ती म्हणाली. "मी कुठे काय विचारलं?"

ऱ्हस्वरावांनी तोंड उघडलं नव्हतं.